कानवल

फार वर्षांपूर्वी खाडीच्या मुखाशी तिसरवाडी नावाचं एक गाव होतं. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, मोजणारं कुणी उरलेलं नाही. गाव अजून आहे, पण तेव्हा घरं कुडाची होती, होड्या शिडाच्या होत्या, आणि उधाणाच्या भरतीला पाणी पायरीपर्यंत येऊन परत जायचं. अर्धं गाव खाडीच्या या काठावर आणि अर्धं त्या काठावर होतं. त्या काठाच्या पुढे, जिथे खाडी संपून समुद्र लागतो, तिथे एक काळा कडा होता. तो आजही आहे.

तेव्हा तिसरवाडीत कानवल हा शब्द नव्हता. तसा शब्द लागावा अशी काही गोष्टच गावात नव्हती. तिसरवाडीएवढं बोलकं गाव किनाऱ्यावर दुसरं नव्हतं. या काठावरची बाई त्या काठावरच्या बाईला आज कालवणाला काय ते ओरडून विचारायची, आणि ती ओरडून सांगायची. आनंद मोठ्याने, भांडण मोठ्याने, रडणं तर त्याहून मोठ्याने. गप्प माणूस दिसला की लोक त्याच्या घरच्यांना विचारायचे, ताप आलाय का याला.

या गावात फक्त एक माणूस कमी बोलायचा. त्याचं नाव रावजी. त्याचं कामच तसं होतं.

घोळ मासे थव्याने येतात तेव्हा पाण्याखाली आवाज काढतात, पुष्कळ बेडूक लांबवर ओरडावेत तसा. वरून काही कळत नाही. पण होडीत उभं राहून वल्हं सरळ पाण्यात सोडलं आणि त्याच्या मुठीला कान लावला, तर लाकडातून तो आवाज वर येतो. सगळ्यांना येतो असं नाही. रावजीला यायचा. मासे कुठल्या बाजूला आहेत, किती खोल आहेत, थांबलेत की निघालेत, सगळं तो कानाने सांगायचा. असं म्हणतात, एकदा त्याने वल्ह्याला कान लावून सांगितलं होतं की खाली वाळूतून एक खेकडा चाललाय आणि तो लंगडा आहे.

रावजीला एक धाकटा भाऊ होता, तानू. आईबाप नव्हते. रावजीनेच त्याला वाढवलं होतं, आणि लग्न झाल्यावर रावजीच्या बायकोने, सुभद्रेने. तानू आता वीस वर्षांचा होता आणि त्याचं तोंड एक घटकाही मिटत नव्हतं. तो उठायचा बोलत, जेवायचा बोलत. बोलायला कुणी नसलं की शीळ घालायचा. खाडीच्या त्या काठावरून हाक मारावी ती त्यानेच, सबंध गावात तेवढी लांब जाणारी हाक नव्हती.

रावजीचा जीव होता त्याच्यावर. पण घोळ ऐकायला जाताना तो त्याला होडीत घ्यायचा नाही.

त्या दिवशीही तसंच झालं. पौष महिना होता. पहाटे तानू वल्हं खांद्यावर टाकून होडीशी तयार उभा.

"आज मी येतो, दादा. एक शब्द बोलणार नाय."

"हे बोललास ते किती शब्द झाले?" रावजी म्हणाला.

होडीत गोपाळ म्हातारा बसला होता. तो हसला. "राहू दे रे त्याला किनाऱ्यावर. मागं एकदा नेला तर याच्या गोष्टी ऐकून मासे आपल्या घरी गेले, बायकांना सांगायला."

तानू चिडला. "जा मग. मला काय." वल्हं तिथेच वाळूत आपटून तो मागे वळला. पुन्हा वळून बघितलंही नाही. रावजीने मागून सांगितलं, "सांजच्याला चिंबोऱ्या आणतो तुला," तरी तो बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प बसला, आणि तो नेमका तेव्हा.

रावजी, गोपाळ म्हातारा आणि आणखी दोन जण निघाले. त्यांच्या मागोमाग गावच्या बाकीच्या होड्याही निघाल्या. सूर्य वर आला आणि थोड्याच वेळात धुकं आलं.

धुकं किनाऱ्याला नवं नाही. पण ते धुकं निराळं होतं, असं म्हणतात. ते समुद्रावरून आलं नाही, पाण्यातून वर आलं. आधी कडा गेला. मग तो काठ गेला. मग माणसाला आपलेच पाय दिसेनासे झाले. अंगणात वाळत घातलेले मासे पुन्हा ओले झाले आणि एक कोंबडी आपल्या पिलांना शोधत शेजारच्या गावाला गेली.

अशा वेळी काय करायचं ते तिसरवाडीला ठाऊक होतं. हाकारा करायचा. सगळं गाव बाहेर यायचं, ज्याने त्याने आपापल्या दारात उभं राहायचं आणि आपापल्या माणसाला नावाने हाका मारायच्या. कुणी थाळी बडवायची, कुणी शंख फुंकायचा, देवळातला ढोल बाहेर काढायचा. वाडवडिलांपासून हेच चालत आलं होतं. आवाज ऐकून होड्या घरी येतात, एवढं लोकांना माहीत होतं. आवाज दोन्ही काठांवरून, पन्नास दारांतून येतो, आणि तो समोरच्या कड्यावर आपटून उलट्या दिशेनेही येतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ज्या होड्या यायच्या त्या यायच्या, आणि लोक म्हणायचे हाकाऱ्याने आल्या. ज्या यायच्या नाहीत, त्यांच्यासाठी लोक म्हणायचे, हाकारा कमी पडला.

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या होड्या आल्या. रावजीची आली नाही.

मग गावाने जोर धरला. ढोलावर दोन माणसं बसली. सुभद्रा दारात उभी राहून नवऱ्याला हाका मारू लागली आणि हाका मारता मारता रडू लागली, आणि तिच्याबरोबर शेजारणी रडू लागल्या. तानू धावत खाडीच्या टोकाला गेला. तिथे पाण्यात एक सपाट खडक आहे. सकाळी आपटलेलं वल्हं उचलून तो त्या खडकावर चढला आणि ओरडला, "दादा! दादा रे!"

असा आवाज त्याआधी कुणी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही. झाडांवरचे बगळे उडाले. चार कोसांवरच्या गावात लोकांनी भाकरी खाता खाता मान वर केली. तानू दुपारभर ओरडला, संध्याकाळभर ओरडला. अंधार पडला, धुकं तसंच राहिलं, तोही तसाच ओरडत राहिला. त्याला दोष देऊ नका. घरातलं माणूस दिसेनासं झालं की धाकटा भाऊ दुसरं काय करणार? हात रिकामे असतात. तोंड तेवढं चालतं.

दुसरा दिवस उजाडला, म्हणजे काळं धुकं पांढरं झालं. आणि सकाळी केव्हातरी तानूचा आवाज गेला. एकदम गेला. त्याने तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला. त्याने पुन्हा छाती भरून घेतली, पुन्हा वारा. तो हातातल्या वल्ह्यावर ओणवला. वल्ह्याचं पातं खडकाच्या कडेने पाण्यात गेलं, आणि मुठीवर त्याचा गाल टेकला. गाल आणि कान.

टक.

तानूने डोळे उघडले.

लाकडात काहीतरी वाजलं होतं. फार लांबून आल्यासारखं आणि तरी अगदी कानात. त्याने श्वास धरला. पण मागे ढोल वाजत होता, थाळ्या वाजत होत्या, पन्नास दारांतून हाका येत होत्या, आणि ते सगळं खडकातून आणि पाण्यातून वल्ह्यात शिरत होतं. पुन्हा काही ऐकू येईना.

तानू खडकावरून उतरला आणि गावात धावला. सांगायला आवाज नव्हता. तो ढोलवाल्यांपाशी गेला आणि त्याने सरळ ढोल हिसकावून घेतला. ढोलवाले उठले ते मारायलाच. धर्मा तांडेल मधे पडला. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, आणि धर्मा सगळ्या तांडेलांतला वयाने मोठा होता. त्याने तानूचा दंड धरला.

"डोकं फिरलं काय तुझं? तुझ्याच भावासाठी चाललंय ना हे?"

तानूने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "काका, दादा ठोकतोय. आपण ओरडतोय म्हणून ऐकू येत नाय."

"ढोल थांबवला आणि तो वाट चुकला तर?"

"तो कालपासून चुकलेलाच आहे."

धर्मा तांडेलाने त्याचा दंड सोडला. मग त्याने ढोलावर आपला पंजा ठेवला, जसा घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. ढोल थांबला.

तिथून तानू दारोदार गेला. काहींच्या पाया पडला, काहींच्या हातातल्या थाळ्या ओढून घेतल्या. एक म्हातारी शंख देईना म्हणून तिच्यासमोर मातीत बसून राहिला. "बाबा रे, गप्प झालेलं घर म्हणजे आशा सोडलेलं घर," ती म्हणाली, "तुझ्या वहिनीचं कपाळ माझ्या हाताने पुसू?" तरी शेवटी तिने शंख दिला. कुत्र्यांना घरात घेतलं. कोंबड्या डालल्या. जातं थांबलं, उखळ थांबलं. पाळण्याची कडी करकरत होती म्हणून एका बाईने बाळ काढून उरावर घेतलं. दोन तरुण पोहत त्या काठावर गेले आणि तिथेही हेच झालं. धुक्यात एकेक आवाज विझत गेला, वस्तीतले दिवे एकेक करून मालवावेत तसा.

शेवटी एकच आवाज उरला. तो सुभद्रेचा होता.

तिला सांगायला कुणी धजेना. तानू तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वहिनी, थांब."

"मी पण?" तिचा घसा सोलून निघाला होता. "भावजी, त्यांना माझा आवाज ओळखीचा आहे. मी थांबले तर त्यांना वाटेल घरी कुणी नाय."

"दादाने आपला आवाज कालपासून ऐकलाय," तानू कुजबुजला. "आता त्याचा आपण ऐकूया."

सुभद्रेने पदर तोंडात कोंबला. आणि मग तिसरवाडीत काहीच वाजेना.

ते कसं होतं ते सांगायला शब्द नाही, असं म्हणतात, म्हणून तर नवा करावा लागला. आधी लोकांना आपापला श्वास ऐकू आला. मग शेजाऱ्याचा. मग धुक्याचे थेंब माडाच्या झापावरून पडत होते ते, आणि चिखलातली भोकं उघडत मिटत होती ते. ओहोटी संपली होती आणि भरती सुरू व्हायची होती. त्या मधल्या वेळी पाणी जरासं थबकतं, हे कोळ्याला माहीत असतं. पण त्या दिवशी ते थबकलं आणि थबकूनच राहिलं, असं म्हणतात. भरतीसुद्धा पुढे यायची थांबली. बगळे एका पायावर उभे होते, त्यांनी दुसरा पाय खाली ठेवला नाही. माणसं दारादारांत उभी होती, त्यांच्या तळव्यांना जमिनीखालून समुद्र लागत होता.

तानू खडकावर आला. त्याने वल्हं पाण्यात सोडलं आणि कान लावला.

आधी वाळू ऐकू आली. मग शिंपल्या ऐकू आल्या. मग खूप खोलवर घोळ माशांचा थवा बोलत गेला. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो थांबला. एवढा वेळ तो कधीच कुणासाठी थांबला नव्हता. आणि मग आलं.

टक. टक टक. टक.

लाकडावर लाकूड. तानूने हात वर केला आणि बोट धुक्यात रोखलं. बोट कड्याकडे होतं.

धर्मा तांडेलाने होडी काढली. वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून बायकांनी लुगडी फाडून दिली, ती वल्ह्यांना गुंडाळली. तानू होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसला. दहा हात पुढे जायचं, थांबायचं, वल्हं पाण्यात सोडायचं, ऐकायचं, बोट दाखवायचं. होडीतलं कुणी बोललं नाही. धुकं बाजूला होऊन त्यांना वाट देत होतं आणि मागे मिटत होतं. किती वेळ गेला कुणाला कळलं नाही. मग समोर काळं काहीतरी उभं राहिलं. तो कडा होता, आणि कड्याच्या पायथ्याशी दोन खडकांत होडी अडकली होती. कूस फुटलेली, पाणी भरलेलं.

होडीत तीन माणसं होती. दोघं निपचित पडले होते, पण जिवंत होते. गोपाळ म्हातारा पाणी उपसायचं लाकडी भांडं हातात घेऊन बसला होता आणि डोळे मिटून फळीवर मारत होता. टक. टक टक. टक. होडी येऊन टेकली तरी त्याचा हात थांबला नाही. धर्मा तांडेलाने तो हात धरला.

"रावजी?"

गोपाळ म्हाताऱ्याने डोळे उघडले. तो तानूशी बोलला.

"काल धुक्यात आम्ही चहूकडून हाका ऐकत होतो. कुठं वळावं कळेना. मग तुझी हाक आली, सगळ्यांच्या वर. रावजी म्हणाला, हा आमचा तान्या, तिकडेच घर. आणि आम्ही वळलो."

कड्यावरून परत आलेली हाक ती.

"खडक लागला. मग त्याने ठोकायला घेतलं. तुम्ही ओरडत होता, तो ठोकत होता. काल सूर्य कलला असंल तेव्हा होडी घसरायला लागली, म्हणून दोर घेऊन तो खाली उतरला. दोर बांधला त्याने. त्यानेच होडी राहिली. मग लाट आली." म्हाताऱ्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. "उतरताना मला म्हणाला, तान्या ओरडून ओरडून दमेल. दमला की ऐकेल. तोवर ठोकत राहा."

गोपाळ म्हाताऱ्याने हे सांगायला नको होतं, असं काही लोक म्हणतात. कुणी म्हणतात, हाकेचं तेवढं लपवायचं होतं. मला विचाराल तर त्याने सांगितलं ते बरं केलं. नसतं सांगितलं तर तानूने जन्मभर स्वतःच्या मनाने काहीबाही रचलं असतं, आणि ते याहून वाईट असतं. शिवाय, दादा त्याची वाट बघत होता, हेही त्याला कधी कळलं नसतं.

तानू फुटलेल्या होडीत उतरला. त्याने भावाच्या होडीतून वल्हं पाण्यात सोडलं आणि कान लावला. सगळे थांबले. पाण्याखाली आता कुणी ठोकत नव्हतं. तरी तो कान उचलेना आणि त्याला चल म्हणायची कुणाची छाती होईना. भरती घोट्यांना लागली तेव्हा कुठे धर्मा तांडेलाने होडी लोटली.

गावाला आले तर दोन्ही काठांवर माणसं तशीच उभी होती. आता बोला, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रावजीच्या होडीतली तीन माणसं उतरली, चौथं उतरलं नाही, हे सगळ्यांनी बघितलं. तिसरवाडीत अशा वेळी काय आकांत व्हायचा ते ठाऊक होतं सगळ्यांना. पण सुभद्रेने तोंडातला पदर काढला नाही. ती खडकापाशी आली, तानूच्या हातातलं वल्हं तिने पाण्यात सोडलं आणि कान लावला. ती ऐकतेय म्हटल्यावर रडणार कोण? गाव थांबून राहिलं. असं म्हणतात, ते तीन दिवस तसंच राहिलं. चुली पेटल्या, माणसं जेवली, लेकरं निजली, पण तीन दिवस कुणी आवाज काढला नाही, कारण पाण्याखालून काही यायचं असलं तर ते आपल्यामुळे बुडायला नको.

चौथ्या दिवशी धुकं उठलं आणि सुभद्रा मोठ्याने रडली. मग सगळं गाव रडलं.

त्या तीन दिवसांना काय म्हणायचं हे लोकांना कळेना. गप बसणं म्हणावं तर ते पोरांना दटावताना म्हणतात. शांतता म्हणावी तर ती देवळातली. वल्ह्याला कान लावून होतो, असं लोक सांगू लागले, आणि सांगता सांगता त्याचं कानवल झालं. नवरा बायको रुसून बोलत नाहीत, त्याला आम्ही कानवल म्हणत नाही. दुपारी गाव झोपतं, तेही कानवल नव्हे. आजारी बाळाच्या नाकाशी आई बोट धरते आणि श्वास लागतो का बघते, तेवढ्या वेळाला आमच्याकडे म्हणतात, कानवल पडलं.

तानू नंतर पुष्कळ जगला. तुम्हाला वाटेल तो मुका झाला असेल. तसं काही नाही. आवाज महिन्याभरात परत आला आणि जमिनीवर तो पूर्वीइतकाच बोलायचा. "तानूमामा वाटेत भेटला की आंबाडीची भाजी वाळून जाते," असं बायका म्हणायच्या. पण धुकं आलं की तो उठायचा आणि खडकावर जाऊन उभा राहायचा. त्याने वल्हं पाण्यात सोडलं की हाकारा करायची कुणाला आठवणसुद्धा व्हायची नाही. गाव आपोआप थांबायचं. पुढे पुढे तर कावळेही थांबायचे, असं म्हणतात, आणि धावता धावता खेकडे जागच्या जागी उभे राहायचे. होडीवाल्यांनी फळीवर ठोकायचं, तानूने बोट दाखवायचं, आणि त्या दिशेला एक होडी जाऊन त्यांना घेऊन यायची. चाळीस वर्षांत धुक्यात एक माणूस गेला नाही. एकदा परमुलखाचं मोठं गलबत त्याने असं आत आणलं. त्यावरच्या माणसांची भाषा कुणाला येत नव्हती. त्यांनी तानूला रेशमी कापड देऊ केलं. त्याने ते घेतलं नाही. हातवारे करून त्यांना एवढंच विचारलं, एवढा उंच, इथे गालावर व्रण, असा कुणी दिसला का वाटेत? आणलेल्या प्रत्येक होडीला तो हेच विचारायचा. लोक मान हलवायचे. "बरं," म्हणायचा, आणि दुसरं काही बोलायला लागायचा.

मग तोही म्हातारा झाला. सुभद्रा त्याहून म्हातारी झाली. आणि एका पौषात पहिल्यासारखं धुकं आलं, पाण्यातून वर येणारं.

गाव थांबलं. एकेक करून होड्या आल्या. धर्मा तांडेलाच्या नातवाने नावं घेतली आणि म्हणाला, "आल्या सगळ्या, मामा. उचल आता कान."

तानूने हात वर केला. "अजून एक आहे."

"नाय, मामा. दोनदा बघितलं मी."

"अरे, ठोकतोय."

नातवाने कान लावला. त्याला काही ऐकू आलं नाही. आणखी चौघांनी लावला. कुणालाही आलं नाही. तेवढ्यात काठी टेकत सुभद्रा आली. तिने वल्ह्याच्या मुठीला कान लावला आणि पुष्कळ वेळ तशीच राहिली. तिला ऐकू आलं की नाही, हे तिने कधीच कुणाला सांगितलं नाही. तिने मान वर केली आणि म्हणाली, "जा, भावजी."

तानूने लहान होडी घेतली. कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. तो धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. गावाने कानवल धरलेलंच होतं, म्हणून पुढचं सगळ्यांनी ऐकलं. आधी वल्ह्याचं पाणी ऐकू आलं. मग ते थांबलं. आणि मग तानू बोलू लागला. पहिल्यासारखा, वीस वर्षांच्या पोरासारखा, भराभर. शब्द कळत नव्हते, पण आवाज त्याचाच होता. मधे मधे तो थांबायचा. कमी बोलणाऱ्या माणसाने काही उत्तर द्यावं, तेवढाच थांबायचा. मग हसायचा आणि पुन्हा बोलू लागायचा. तो आवाज लांब लांब गेला, आणि कुठे संपला ते कुणाला सांगता आलं नाही, कारण तो संपल्यावरही लोक ऐकत होते.

होडी मिळाली नाही. असं म्हणतात की ती शोधायला कुणी गेलंच नाही.

आता होड्यांना इंजिनं आहेत, खिशात मोबाईल आहेत. तरी धुकं आलं की तिसरवाडीत हाकारा होत नाही. जेट्टीवरची इंजिनं बंद होतात, टीव्ही बंद होतात, शाळेत मास्तर खडू खाली ठेवतात. तानूच्या नावाने खडकावर वल्हं धरलं जातं. ते वर्षभर त्या घरी असतं, ज्या घरचं माणूस त्या वर्षी समुद्रावरून आलं नाही, आणि त्या घरच्या धाकट्याने ते धरायचं असतं. होड्या एकेक करून येतात. सगळ्या आल्या, असं तांडेल सांगतो, पण तेव्हा कानवल सोडत नाहीत. सगळ्या आल्यावरही थोडा वेळ ते धरून ठेवतात, जो मोजणीत नाही त्याच्यासाठी. मग कुणीतरी म्हातारं माणूस मुद्दाम खोकतं, वल्हं धरणारा कान उचलतो, आणि गाव बोलू लागतं.

यंदा वल्हं आमच्या घरी आहे. परवाच्या धुक्यात मी ते धरलं होतं. सगळ्या होड्या आल्या. तांडेलाने सांगितलं. मी ऐकत राहिलो. भरती आली, पाणी खडकावर चढलं, माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं, मागे दोन्ही काठांवर सगळं गाव उभं होतं, आणि कुणीही खोकलं नाही.